बेचाळीस किलोचं चुंबक

"तिच्या कानात काय सांगितलंत, अक्का?"

केवळाक्कांनी मान वर केली नाही. तांब्याच्या तारेच्या टोकावरचं वार्निश त्या ब्लेडनं खरवडत होत्या. एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसरा त्याच वाटेवर. काम बोटंच बघत होती.

"तुम्हालाच विचारायले मी."

"ऐकायले."

"मग सांगा की."

द्वारका उभीच राहिली. दुपार झाली होती. बाकीच्या बाया पलीकडं पत्र्याच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या, हसत होत्या. त्या हसण्यात हौसाचं हसणं द्वारकेला वेगळं ऐकू येत होतं. दुस्वासाचे कान असेच. शंभर आवाजांत जो नको तोच नेमका उचलतात.

सकाळी जे झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं.

लातूरला डाळमिलांच्या मागल्या अंगाला केवळाक्कांचं वाइंडिंगचं दुकान. तूर भरडायला जायच्या आधी तिच्यातले खिळे, तारेचे तुकडे निघाले पाहिजेत, नाहीतर मशीनचं वाटोळं. ते ओढून घेतं विजेवरचं चुंबक. लोखंडाला तांब्याची तार गुंडाळायची, तारेतून वीज सोडायची, लोखंडाचं चुंबक होतं. वीज काढली, पुन्हा लोखंडच. सांगायला एवढंच आहे. ज्याला एवढंच वाटतं त्यानं एकदा गुंडाळून बघावं.

खंडेनवमीला सगळीकडं हत्यारांची पूजा होते. अक्कांच्या दुकानात पूजेच्या आधी परीक्षा. आठ दिवस अगोदर प्रत्येकीला घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं एक लोखंड मिळायचं, आणि एकाच रिळातली, वजन करून तेवढीच तार. नालेच्या दोन्ही पायांवर ती गुंडाळायची. नवमीच्या सकाळी एकेकीचं चुंबक पाय खाली करून आढ्याला टांगायचं, एकाच बॅटरीला जोडायचं, दोन्ही पायांना खालून एक लोखंडी पट्टी चिकटवायची आणि पट्टीच्या आकड्याला एकेक माप अडकवत जायचं. पट्टी सुटली, संपलं. जिचं चुंबक सगळ्यात जास्त ओझं धरील तिनं वर्षभर अक्कांच्या उजवीकडच्या पाटावर बसायचं आणि बाकीच्यांचं काम तपासायचं.

दहा वर्षं तो पाट द्वारकेचा होता. यंदा तर अक्का चारचौघीत बोलून गेल्या होत्या, "यंदा जी बसेल तिच्याच हातात दुकानाची किल्ली देणार. माझ्या डोळ्यांचं आता काही खरं नाही."

आणि यंदा हौसाच्या चुंबकानं बेचाळीस किलो धरलं.

द्वारकेच्यानं चार. पाचव्या किलोचं माप अडकवलं आणि पट्टी खाली आली ती तिच्या अंगठ्याजवळ.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त सुगला, जिच्या तोंडाला कधी कडी नव्हती, एवढं म्हणाली, "माय, आमच्या मालकानं धरलेला उपास बरा म्हणायचा. एवढ्यात सुटत नाही."

हौसानं खाली वाकून ती पट्टी उचलली आणि पदरानं पुसून द्वारकेच्या हातात दिली. ते पुसणं द्वारकेला सगळ्यात जास्त लागलं होतं.

"लोखंड वाटलंत त्या दिवशी," द्वारका आता म्हणाली, "तुम्ही तिला जवळ ओढलंत. पदर आडवा धरून तिच्या कानात बोललात. मी बघितलं."

"बघितलंस ना?"

"मला अकरा वर्षांत कधी असं जवळ घेतलं नाहीत."

ब्लेड थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

"लोखंडच तिला मऊ दिलं असंल," द्वारका म्हणाली. "मऊ लोखंड लगेच चुंबक होतंय. मला दिलं असंल पोलाद मिसळलेलं, हट्टी."

"लोहारानं एकाच पट्टीचं तोडलं. तुझ्यासमोर. पट्टी कुणी धरली होती?"

द्वारकेनंच धरली होती.

"मग बॅटरी. माझा नंबर शेवटी आला. उतरली असंल तोवर."

अक्कांनी पायानं बॅटरी तिच्याकडं सरकवली. मोठ्या गाडीची बॅटरी ती, सहज सरकत नाही. तरी सरकवली.

"लाव."

द्वारकेनं आधी आपलंच चुंबक टांगलं. पायांची तोंडं पोत्याच्या फडक्यानं घासून घेतली. गंज नाही, वार्निशचा थेंब नाही, धूळ नाही. केसाएवढी फट राहिली तरी निम्मा जोर तिथंच मरतो, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. पट्टी चिकटवली. एक, दोन, तीन, चार. पाचवं माप अडकवलं आणि पट्टी पडली.

मग तिनं हौसाचं टांगलं. त्याच वायरी, तीच पट्टी. दहाचं माप. वीस. तीस. चाळीस. वर दोन. पट्टी जशी काही लोखंडाला उगवली होती. द्वारकेनं वरून स्वतःचा हात ठेवून जोर दिला, तेव्हा कुठं सुटली.

बॅटरीत काही खोट नव्हती. सकाळीही नव्हती. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही बघावं लागलं, हे त्याहून वाईट.

"वातीवाली आहे ती," ती पुटपुटली. "देवळापुढं बसून कापसाच्या वाती वळायची. दीड वर्षापूर्वी तिला तार कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं."

"खरं आहे. कुणी शिकवली तिला?"

"मीच. तुम्हीच सांगितलंत म्हणून. डाव्या पायाचा वेढा वरून डावीकडं, उजव्या पायाचा वरून उजवीकडं. पहिल्या दिवशी हात धरून शिकवलं. आणि तीच माझ्या पाटावर..."

ती खाली बसली. बसली ती नेमकी त्या पाटाच्या शेजारी, फरशीवर. पाट रिकामाच होता. हौसा अजून त्यावर टेकली नव्हती. सकाळी अक्कांनी बस म्हटलं तेव्हा म्हणाली होती, "जेवल्यावर बसते, अक्का. हात खरकटे व्हायचेत अजून." सगळ्या हसल्या होत्या. द्वारकेला वाटलं होतं, बघा, आत्तापासूनच लाडकी झाली.

"एक सांगू?" द्वारका हळू म्हणाली. "माझे वेढे तिच्यापेक्षा दोनशे जास्त आहेत."

अक्कांनी पहिल्यांदा तिच्याकडं तोंड केलं.

"तार तर सारखीच दिली होती."

"घरी उरलेली होती. आणून जोडली. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, जितके वेढे जास्त तितका जोर जास्त. काय चुकलं?"

"बॅटरी तीच. तार लांब केलीस."

"मग?"

"लांबच्या रस्त्यानं आलेला पाहुणा दमून येतो. दारात बसून पाणी मागंल. तुझं ओझं नाही उचलायचा."

द्वारका ओशाळली. हे तिला कळायला हवं होतं. वेढे वाढले तशी तारेची लांबी वाढली, लांबी वाढली तशी वीज मंदावली. एका हातानं घेतलं ते दुसऱ्या हातानं गेलं. पण लगेच तिचं डोकं पुन्हा वर आलं. "दमला, मान्य. पण दमला म्हणून चारच किलो? पस्तीस म्हणा, अडतीस म्हणा. चार?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "दमून कुणी एवढं पडत नाही."

"मग सांगा की काय ते. तिला सांगितलंत तसं."

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून. फळीवरचा डबा चाचपून त्यांनी एक सुई काढली. शिवणाची साधी सुई, मधोमध दोरा बांधलेली, कधीतरी चुंबकावर घासून ठेवलेली. दोऱ्यानं लोंबकळती धरून त्यांनी ती द्वारकेच्या हातात दिली.

"दोन्ही चुंबकांना वीज लाव. वीतभर लांबून सुई दाखव. आधी तिच्याला."

द्वारकेनं सुई हौसाच्या चुंबकाच्या डाव्या पायाजवळ नेली. सुई वळली, नेढं पायाकडं झालं. उजव्या पायाजवळ नेली. सुई गरकन फिरली, टोक पायाकडं झालं. बरोबर. दोन पाय म्हणजे दोन स्वभाव. एकातून निघालेला जोर दुसऱ्यात शिरतो, आणि मधली पट्टी गच्च धरली जाते.

"आता तुझ्याला."

डावा पाय. नेढं.

उजवा पाय...

नेढंच.

द्वारकेनं सुई मागं घेतली, दोरा सरळ केला, पुन्हा नेली.

नेढं.

दोन्ही पाय एकाच स्वभावाचे. दोघंही बाहेर ढकलणारे, घ्यायला कुणीच नाही. एका पायाचा जोर दुसऱ्याला नडत होता. आठ दिवस तिनं राबून दोन पाय एकमेकांवर घातले होते, दोन जावा चुलीवरून भांडतात तसे. उजवा पाय उलटा गुंडाळला गेला होता. वरून उजवीकडं जायचा वेढा, सगळाच्या सगळा वरून डावीकडं.

ही चूक दुकानात कुणी करत नाही. पहिल्या आठवड्यातली बाई करते, तिलाही सुगला महिनाभर चिडवते.

"मी?" द्वारका म्हणाली. "अक्का, मी?"

अक्कांनी पुन्हा ब्लेड हातात घेतलं होतं.

"उजवा पाय गुंडाळताना कुठं बसली होतीस?"

"कुठं म्हणजे? इथंच."

"रोजच्या जागेला?"

रोजची जागा खिडकीपाशी. तोंड खिडकीकडं, पाठ सगळ्यांकडं. अकरा वर्षं. तिथं बसून तिनं डावा पाय गुंडाळला होता चार दिवस. हौसा तेव्हा आपलं बसायचं पोतं उचलून तिच्या मागं येऊन बसली होती. द्वारकेला वाटलं, उजेडासाठी आली, ऐतखाऊ.

पण मग पाचव्या दिवशी...

पाचव्या दिवशी तिला राहवलं नव्हतं. अक्कांनी हिला काय सांगितलं? कुठली खुबी शिकवली? पाठीला डोळे नसतात. म्हणून ती उठली, आपलं पोतं फिरवलं आणि हौसाच्या समोर बसली. गुडघ्यासमोर गुडघा. दोघींनी नालेचं वाकण पायांच्या तळव्यांत धरलेलं, नालेचे पाय समोरासमोर रोखलेले, दोन बैल शिंगं रोखतात तसे. आणि चार दिवस द्वारकेनं हौसाच्या हातावरची नजर काढली नव्हती. ती तार किती ओढते. तारेच्या दोन थरांत कागद कुठं घालते. कधी थांबते. ती थांबली की ही थांबे. तिचा हात जिकडं जाई तिकडं हिचा हात जाई.

हौसाचा हात वरून तिच्या उजवीकडं जायचा.

समोर बसलेल्या द्वारकेला तो डावीकडं जाताना दिसायचा.

द्वारकेनं डोळे मिटले. स्वतःचे हात तिला आठवेनात. त्या चार दिवसांतला स्वतःचा एकही वेढा तिला आठवेना. हौसाचे सगळे आठवत होते.

बाहेर भांडी आवरल्याचा आवाज आला. सुगला कुणाला तरी म्हणत होती, "खा गं, खा. आता मालकीणबाई झालीस, बारीक राहून चालायचं नाही." हौसाचं काहीतरी लाजरं उत्तर. पुन्हा हसणं.

"बघा," द्वारका म्हणाली. "झालं माझं हसं. आता तरी सांगा. काय सांगितलं होतं तिला? ते कळलं नाही तर मला जेवण जायचं नाही. खरं सांगते, अक्का, आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नवऱ्यावर ओरडले, दारातल्या शेळीवर ओरडले. रात्री कूस वळले की तुमचा तो पदर दिसतो. आडवा धरलेला. तिला काय दिलंत जे मला नाही?"

अक्कांनी खरवडलेलं तारेचं टोक बोटांत धरून पाहिलं. तांबं लखलखीत झालं होतं. ते दिसण्याइतकी नजर अजून होती.

"तिला रडू यायलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाली, मला परीक्षेला बसवू नका, माझी तार सैल पडते. वेढ्याला वेढा लागत नाही, लोखंडापासून सुटा राहतो."

"मग?"

"मी म्हटलं, द्वारकेच्या पाठीमागं बस. खांद्यावरून तिचे हात बघ. या दुकानात तिच्यासारखी तार कुणाला ओढता येत नाही. मलासुद्धा."

...

"मलासुद्धा, म्हटलं मी," अक्का म्हणाल्या. "चारचौघीत कसं म्हणू? म्हणून कानात."

द्वारकेच्या आत आठ दिवस जे धुमसत होतं त्यावर कुणी तांब्याभर पाणी ओतलं. वाफ झाली, डोळ्यांपर्यंत आली. तिनं नाक ओढलं, पदरानं तोंड पुसलं. पाठीमागं बसली होती बिचारी. उजेडासाठी नव्हे. माझ्या हातांसाठी. अकरा वर्षं जे एक वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते बोललं गेलं होतं, आणि नेमकं दुसरीच्या कानात.

थोडा वेळ ती नुसती त्या वाक्याच्या उबेत बसून राहिली.

मग माणूस ते माणूसच. तिची पाठ हळूहळू ताठ झाली. तिनं हौसाच्या चुंबकाकडं पाहिलं, आता वेगळ्या नजरेनं. वेढ्याला वेढा कसा बसला होता. कणसावर दाणे बसतात तसा. तो हात तिनं ओळखला. तो तिचाच होता.

"म्हणजे अक्का," ती म्हणाली, "ती माझंच बघून शिकली."

"हो."

"तिची तार म्हणजे माझी तार."

अक्कांनी तारेचं दुसरं टोक खरवडायला घेतलं.

"मग तसं बघितलं तर..." द्वारकेनं रिकाम्या पाटाकडं एकदा पाहून घेतलं. बाहेर बाया हात धूत होत्या, आता येतीलच. तिनं घाईनं बोलून टाकलं. "तसं बघितलं तर ते बेचाळीस किलो माझेच की. न्यायानं पाट माझाच. किल्लीसुद्धा. तुम्हीच सांगा, चुकतं का माझं?"

केवळाक्कांनी तार खाली ठेवली. उठून, आढ्याकडं हात वर करून, चाचपून, द्वारकेचं चुंबक आकड्यावरून काढलं. जड होतं. दोन्ही हातांत घेऊन त्या वाकल्या आणि ते तिच्या ओच्यात ठेवलं, ओटी भरावी तसं.

दारात बायांच्या सावल्या आल्या.

"बेचाळीस तुझे, बरं," अक्का म्हणाल्या. "मग हे चार कुणाचे?"